‘द ईस्ट’ आणि न दाखवलेले कागद

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘द ईस्ट’ या २०१३ सालच्या अमेरिकन चित्रपटावरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि चित्रपट पाहावासा वाटेल असा आहे. माझी तक्रार त्यातल्या दोनच वाक्यांबद्दल आहे. एका वाक्यात म्हटलं आहे की कथानक सत्य घटनेवर आधारित आहे. दुसऱ्यात म्हटलं आहे की जहाल कार्यकर्त्यांत शिरलेल्या हेराचं आयुष्य ‘प्रत्यक्षात असंच असतं’. पहिलं वाक्य सरळ चूक आहे. कथा काल्पनिक आहे. दिग्दर्शक झाल बाटमांगलिज आणि सहलेखिका, नायिका ब्रिट मार्लिंग हे दोघं २००९ च्या उन्हाळ्यात काही काळ टाकून दिलेलं अन्न खाऊन जगणाऱ्या तरुणांबरोबर राहिले. त्या अनुभवाचे तपशील चित्रपटात आले आहेत, एवढाच सत्याशी संबंध. दुसऱ्या वाक्याचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे लांबलेलं पत्र.

मी न्यायालयात लघुलेखिका होते. माझी हयात दुसऱ्यांचे शब्द उतरवून घेण्यात गेली. साक्षीदार काय म्हणाला, वकिलाने काय विचारलं, न्यायाधीशांनी काय वगळायला सांगितलं, हे सगळं हातातून गेलं. निवृत्तीनंतर लोक पोथ्या वाचतात, मी उलटतपासण्या वाचते. ब्रिटनमध्ये गुप्त पोलिसांच्या कारभाराची जी सार्वजनिक चौकशी २०१५ पासून सुरू आहे, तिच्या साक्षी छापील स्वरूपात कोणालाही मिळतात, आणि त्या वाचायची मला सवय लागली आहे. त्यामुळे चित्रपट पाहताना माझं लक्ष पडद्यावर कमी आणि त्या कागदांकडे जास्त होतं, हे आधीच सांगून टाकते.

चित्रपटाचं श्रेय त्याला देते. नायिका एका खासगी कंपनीसाठी काम करते. बड्या उद्योगांना आंदोलकांची आगाऊ खबर विकणं हा त्या कंपनीचा धंदा. दिग्दर्शकाने सरकारी खातं न घेता खासगी कंपनी घेतली, ही जाणकारी आहे. जेवणाचा तो प्रसंगही उत्तम जमला आहे: सगळ्यांना हात बांधणारे वेड्यांच्या इस्पितळातले सदरे घातलेले, समोर सूपचे वाडगे. पाहुणीला म्हणतात, खा. ती तोंड वाडग्यात घालते. मग बाकीचे लाकडी चमचा दातात धरून एकमेकांना भरवतात. ती त्यांच्यावर नजर ठेवायला आली आहे आणि ते तिला पहिल्याच रात्री उघडं पाडतात, तेही न रागावता. औषध कंपनीच्या मेजवानीत तिचंच औषध शॅम्पेनमध्ये मिसळण्याचा प्रसंग थरारक आहे. तेवढ्यापुरती मीसुद्धा खुर्चीच्या कडेवर आले होते.

पण सगळा चित्रपट एका प्रश्नावर उभा आहे: तिचं मन बदलेल का? (शेवट ठाऊक नसेल त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत.) मन बदलतं. ती दोन्ही बाजू सोडून स्वतःची तिसरी वाट काढते, आणि शेवटी आपल्या जुन्या कंपनीच्या इतर हेरांना एकेक करून भेटून वळवायला निघते. म्हणजे हेर हीच कथेची नायिका, तिचीच घालमेल, तिचीच शिक्षा, तिचीच सुटका. ज्यांना फसवलं ती माणसं तिच्या मनःपरिवर्तनाला लागणारं साहित्य होऊन राहतात. खऱ्या नोंदी वाचल्या की हेच नेमकं उलटं दिसतं. तिथे हेराचं मन सहसा बदलत नाही. त्याची बदली होते.

उदाहरण मार्क केनेडीचं घ्या. लंडनचा हा पोलिस २००३ पासून ‘मार्क स्टोन’ या नावाने पर्यावरणवाद्यांत वावरत होता, मुख्यतः नॉटिंगहॅम शहरात. लांब केस, अंगावर गोंदण, उंच चढण्याचं कसब, आणि दिमतीला गाडी. आंदोलनात गाडी असलेला आणि वेळेवर येणारा माणूस किती प्रिय असतो, हे आंदोलन केलेल्यांना ठाऊक असतं. पैसाही बराच खेळता असायचा. घरी त्याची बायको आणि दोन मुलं होती. इकडे त्याने कार्यकर्त्या स्त्रियांशी संबंध ठेवले, त्यातला एक कित्येक वर्षं चालला. तो उघडा पडला तो कुणा वरिष्ठामुळे नाही, सद्सद्विवेकबुद्धी जागी झाल्यामुळेही नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इटलीत सहलीला गेले असताना गाडीच्या कप्प्यात त्याच्या जोडीदार बाईला एक पारपत्र सापडलं. फोटो त्याचा, आडनाव वेगळं. मग तिने आणि तिच्या मित्रांनी चिकाटीने माग काढला, त्याला समोर बसवलं आणि विचारलं. तोवर तो पोलिस खातं सोडून बाहेर पडला होता. तरीही त्याच खोट्या नावाने तो त्याच लोकांत परत आलेला होता, हे विशेष.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. एप्रिल २००९ मध्ये नॉटिंगहॅममधल्या एका शाळेत रात्री धाड पडली आणि ११४ जण पकडले गेले. जवळच्या रॅटक्लिफ-ऑन-सोअर या कोळशावरच्या वीजकेंद्रात शिरून ते आठवडाभर बंद पाडायचं, म्हणजे दीड लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचेल, असा त्यांचा बेत होता. पकडलेल्यांत केनेडीही होता, अर्थात ‘स्टोन’ म्हणून. बेतातला ट्रक भाड्याने आणायचं कामही त्याच्याकडे होतं. खटला भरलेल्या २६ जणांपैकी २० जण डिसेंबर २०१० मध्ये दोषी ठरले. उरलेल्या सहा जणांचा खटला जानेवारी २०११ मध्ये उभा राहायच्या आतच कोसळला, आणि जुलैमध्ये अपील न्यायालयाने त्या २० जणांची शिक्षाही रद्द केली. का? केनेडीने त्या बैठकांचं गुप्त ध्वनिमुद्रण केलं होतं. त्यातलं बोलणं आरोपींच्या बचावाला पूरक होतं. ते मुद्रण, त्याचा उतारा, काहीच बचाव पक्षाला दिलं गेलं नव्हतं. हा माणूस चिथावणीखोर ठरू शकतो, इथपर्यंत न्यायालयाने म्हटलं.

संपादक महोदय, मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. साक्षीदार खोटं बोलतात, वकील फिरवून विचारतात, हे मी रोज पाहिलं आहे. त्याचं मला नवल राहिलेलं नाही. पण कुणीतरी बसून ती टेप ऐकली, शब्द न् शब्द कागदावर उतरवला, तो कागद फायलीत लागला, आणि समोर माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असताना ती फाइल बंद राहिली! चित्रपटात असा एकही प्रसंग नाही. त्यात फक्त एक बंद फाइल दिसली असती, आणि बंद फायलीवर कुणी पार्श्वसंगीत वाजवत नाही.

(ते वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला कायमचं बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशावरचं ते शेवटचं. सरकारच्याच धोरणाने.)

केनेडीवर विश्वास ठेवून फसलेल्या स्त्रियांपैकी केट विल्सन यांनी दहा वर्षं लढा दिला आणि बराचसा स्वतःच वकिली करून दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या विशेष न्यायाधिकरणाने पोलिसांनी त्यांच्या मानवी हक्कांचा भंग केल्याचा निकाल दिला. त्यात अमानुष आणि अवमानकारक वागणुकीपासून संरक्षणाचा हक्कही होता. जानेवारी २०२२ मध्ये २,२९,४७१ पौंडांची भरपाई मंजूर झाली. ‘द ईस्ट’मध्येही हेर आणि गटाचा म्होरक्या जवळ येतात. तिथे आपल्याला हेर बाईची कीव येते. इकडच्या साक्षी वाचून मला दुसऱ्याच कुणाची तरी आली.

केनेडी एकटा बिघडलेला माणूस असता तर मी पत्र लिहिलं नसतं. मार्च १९६८ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चात मारामारी झाली. त्यानंतर कॉनरॅड डिक्सन नावाच्या अधिकाऱ्याने आंदोलकांत राहणाऱ्या पोलिसांचं एक पथक काढलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मोर्चापुरती ही सोय होती. ती चाळीस वर्षं टिकली. केनेडी ज्या दुसऱ्या पथकात होता ते धरून किमान १३९ गुप्त अधिकारी आणि हजाराहून जास्त संघटना, असा हिशेब चौकशीत पुढे आला. त्या संघटनांत वर्णभेदविरोधी होते, अण्वस्त्रविरोधी होते, स्त्रीमुक्तीवाल्या होत्या. पीटर हेन या तरुण वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यावर पाळत होती, तेच पुढे मंत्री झाले. स्त्रीमुक्तीच्या गटात पाठवलेल्या एका अधिकारी बाईंनी साक्षीत सांगून टाकलं की त्या कामातून उपयोगाचं फारसं काही निघालं नाही. अशी सरळ उत्तरं त्या कागदांत थोडी. ‘आठवत नाही’ हे उत्तर मात्र इतक्या वेळा येतं की उतरवणाऱ्याने त्यासाठी एखादी खूण ठरवून घेतली असेल. चौकशीचे अध्यक्ष सर जॉन मिटिंग यांनी जून २०२३ मध्ये १९८२ पर्यंतच्या काळाचा अहवाल दिला. साध्यामुळे साधनांचं समर्थन होत नाही आणि हे सगळं तेव्हा लोकांना कळलं असतं तर पथक लवकरच गुंडाळावं लागलं असतं, असं त्यांनी त्यात लिहिलं.

यातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना खोटी नावं कुठून मिळत? जन्ममृत्यूच्या दप्तरातून, लहानपणीच वारलेल्या मुलांची. मुलगा जगला असता तर आज याच वयाचा असता, असा हिशेब करून. आईबापांना पत्ता नाही.

हेलन स्टील नावाच्या लंडनमधल्या कार्यकर्तीचा जोडीदार १९९२ मध्ये मन खचल्याची पत्रं लिहून नाहीसा झाला. ती त्याच्या काळजीने शोध घेत राहिली, आणि दप्तरात तिला त्याच्या नावाचा दाखला सापडला: आठ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या खऱ्या नावाने लग्नाची नोंद मिळाली, तिच्यात व्यवसाय लिहिला होता पोलिस अधिकारी. २०१६ मध्ये सिडनीच्या विमानतळावर ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. या बाईवर चित्रपट का निघत नाही, हे मला कळत नाही. पाठलाग आहे, खोटी ओळख आहे, खंड ओलांडून शोध आहे. फक्त शोधणारी व्यक्ती हेर नाही.

याच हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस यांच्यावर मॅकडोनाल्ड्सने एका पत्रकावरून अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. सुनावणी जून १९९४ ते डिसेंबर १९९६ अशी ३०० हून अधिक दिवस चालली. इंग्लंडच्या इतिहासात इतका लांबलेला अब्रुनुकसानीचा खटला दुसरा नाही. दोघे बिनवकिलाचे. माझ्यासारखीच्या दृष्टीने हा डोंगराएवढा कागद. त्यातला एक भाग मी पोट धरून वाचला. कंपनीने त्या दोघांच्या चिमुकल्या गटात दोन वेगवेगळ्या खासगी संस्थांचे हेर घुसवले होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. काही बैठकांना जितके कार्यकर्ते तितकेच हेर हजर असत! खुर्च्या मांडायला, पत्रांना उत्तरं द्यायला, पत्रकं वाटायला हेच पुढे. त्यातली एक हेर बाई पुढे न्यायालयात आली ती प्रतिवादींच्या बाजूने. आपल्याला ते काम पटत नव्हतं, असं तिने शपथेवर सांगितलं. मन बदललेला हेर हवा असेल तर हा घ्या. तिने कुणावर धाड घातली नाही, तिसरी वाट काढली नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि विचारलं त्याचं उत्तर दिलं.

पण त्या ३०० दिवसांच्या कागदात एक ओळ नाही. वादग्रस्त पत्रक लिहिणाऱ्यांत १९६८ मध्ये निघालेल्या त्या पथकातला बॉब लॅम्बर्ट नावाचा गुप्त पोलिस होता, ही. न्यायमूर्ती बेल यांनी जून १९९७ मध्ये निकाल दिला, दोघांनी कंपनीला भरपाई द्यावी म्हटलं, ती अपिलात ४० हजार पौंडांवर आली, २००५ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा खटला न्याय्य झाला नाही म्हटलं, आणि या सगळ्या काळात ती ओळ पोलिसांच्या दप्तरात झोपून होती. हेलन स्टील सुनावणीला उभी राहत होती तेव्हा तिचा गायब झालेला जोडीदार त्याच पथकाचा माणूस होता, हेही. लॅम्बर्टला तर एका कार्यकर्तीपासून मुलगा झाला होता. मूल लहान असतानाच तो निघून गेला. त्या बाईला खरं कळलं ते २०१२ मध्ये, वर्तमानपत्रात त्याचा फोटो पाहून. २०१४ मध्ये पोलिसांनी तिला ४,२५,००० पौंड दिले. लॅम्बर्टला त्याआधी, २००८ मध्ये, सेवेबद्दल राजघराण्याचा किताब मिळालेला होता.

चित्रपट अमेरिकन आहे, तुम्ही ब्रिटनचं काय सांगता, असं कुणी म्हणेल. बरं, कॅलिफोर्नियातला एरिक मॅकडेव्हिड घ्या. त्याच्या गटात एफबीआयची खबरी म्हणून ‘अ‍ॅना’ नावाने वावरणारी मुलगी जेमतेम विशीची होती. महाविद्यालयात एका निदर्शनावर निबंध लिहिला, त्यातून ती या कामात आली. राहायला खोपटं तिने दिलं, त्यात कॅमेरे एफबीआयचे. गाडी तिची, पैसे तिचे. तो तिच्या प्रेमात पडला. जानेवारी २००६ मध्ये पकडला गेला, २००८ मध्ये जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा झाली. नऊ वर्षं भोगल्यावर, जानेवारी २०१५ मध्ये सुटला. कारण काय, तर खटल्याच्या वेळी न दिलेले कागद बाहेर आले, त्यात दोघांमधली पत्रंही होती. पुन्हा तेच. स्फोट नाही, पाठलाग नाही. कागद दिले नाहीत.

जहाल गट निरुपद्रवीच असतात, असं माझं म्हणणं नाही. १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या व्हेल इथल्या बर्फावरच्या क्रीडाकेंद्राला पर्यावरणाच्या नावाने आग लावली गेली, एक कोटी वीस लाख डॉलरचं नुकसान झालं. अशा जाळपोळ करणाऱ्यांना पकडायलाच हवं. पण ती टोळी फुटली ती जाळपोळीत स्वतः सामील असलेला एक जण फितूर होऊन अंगावर ध्वनिमुद्रक लावून फिरला म्हणून. वर्षानुवर्षं कुणाच्या घरात खोट्या नावाने राहावं लागलं नाही. आणि हेर आत बसला म्हणजे धोका टळतोच असंही नाही. झारच्या रशियात येवनो अझेफ एकाच वेळी गुप्त पोलिसांचा पगार घेत होता आणि क्रांतिकारकांच्या हत्यापथकाचा प्रमुख होता. १९०४ मध्ये त्या पथकाने गृहमंत्री प्लेव्हे यांना बाँबने उडवलं. ज्या खात्याचा अझेफ पगारी नोकर होता, ते खातं प्लेव्हे यांच्याच हाताखालचं. अझेफला उघडं पाडलं व्लादिमीर बुर्त्सेव या संपादकाने, तुमच्यासारख्याच एका नियतकालिक चालवणाऱ्याने. तेव्हा संपादकांनी अशा कामात लक्ष घातलं तर उपयोग होतो, याला पुरावा आहे.

आता माझी मागणी. पुढच्या रविवारी ‘सत्य घटनेवर आधारित’ या शब्दांची दुरुस्ती छापावी. आणि लेखकाला माझा निरोप द्यावा की चित्रपट पुन्हा पाहण्याआधी त्यांनी चौकशीतल्या साक्षी उघडाव्यात, त्यातही आधी फसवल्या गेलेल्या स्त्रियांच्या, मग अधिकाऱ्यांच्या. सुरुवातीला नावांच्या जागी आकडे आणि काळ्या पट्ट्या पाहून गोंधळायला होतं. अधिकाऱ्यांना ओळख लपवायची परवानगी मिळाली आहे, म्हणून ते तसं आहे. त्याच पानांवर फसवल्या गेलेल्या काही स्त्रिया आपल्या खऱ्या नावाने बोलल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका
(नाव व पत्ता आपल्या दप्तरी आहे. छापू नये.)